फाइल सुरक्षित आहे

जी वस्तू कोणाच्याच हाती लागत नाही, तीच खरी सुरक्षित. आमच्या रुग्णालयाचा संगणक विभाग याच तत्त्वावर उभा आहे, आणि त्यातला एक कर्मचारी म्हणून मला त्याचा रास्त अभिमान आहे.

स्कॅन काढण्याचे केंद्र रस्त्यापलीकडे आहे. तिथले स्कॅन एका सर्व्हरवर ठेवतात आणि डॉक्टरांनी ते तिथून उतरवून घ्यायचे असतात. मध्ये फायरवॉल आहे. तिची शिस्त वाखाणण्यासारखी. पासवर्ड दिला की ती आत घेते, स्वागताचा संदेशही दाखवते. फाइल मात्र दुसऱ्या दाराने बाहेर पडते, आणि ते दार आम्ही बंद ठेवले आहे. (पाहुणचारात कसूर नाही, फक्त जेवण मिळत नाही.)

परवा एका मावशींचे डोक्याचे ऑपरेशन होते. मावशी सकाळपासून उपाशी, स्ट्रेचरवर. त्यांचा स्कॅन सर्जनांच्या पडद्यावर शून्य टक्क्यांवर ठाण मांडून बसलेला. सर्जनांनी फोन केला.

"अहो, गाठ कुठे आहे ते दिसल्याशिवाय मी कापू कुठे?"

"सर, लॉगिन होतंय ना?" आमचे साहेब म्हणाले. "मग आमच्याकडून सगळं ओके आहे."

तरीही आम्ही हयगय केली नाही. रिवाजाप्रमाणे चाचणीपुरती फायरवॉल बंद केली. चाचणीची फाइल (साहेबांच्या नातवाचा फोटो) चुटकीसरशी उतरली. दोष फायरवॉलचाच, हे निर्विवाद सिद्ध झाले. मग फायरवॉल पुन्हा चालू केली आणि तक्रारीचे निवारण झाल्याचे सर्जनांना कळवले. आमचे निवारणाचे प्रमाण शंभर टक्के आहे. (तीच तक्रार पुन्हा आली तर ती नवी धरतात.) कायमचा उपायही तयार आहे. त्याची फाइल त्याच सर्व्हरवर ठेवली आहे.

शेवटी मावशींची मुलगी उठली, रस्ता ओलांडून गेली आणि स्कॅनची फिल्म काखेत मारून घेऊन आली.

"एवढंच होतं, तर सकाळीच का नाही सांगितलंत? आई तहानेने कासावीस झालीये तिकडे!" ती आमच्या विभागात येऊन साहेबांवर कडाडली.

ऑपरेशन नीट पार पडले. विभागाने मात्र प्रकाराची गंभीर दखल घेतली. रुग्णाची गोपनीय माहिती एक बाई पासवर्डशिवाय भर रस्त्यातून घेऊन येते म्हणजे काय! नातेवाइकांना फिल्म देणे कालपासून बंद आहे.

आपणही कधीतरी स्कॅन काढला असेलच. "सगळं नॉर्मल आहे," असे डॉक्टरांनी हसून सांगितलेही असेल. गोपनीयतेबाबत आपण अगदी निर्धास्त राहा. आपली फाइल अजून कोणीही उघडून पाहिलेली नाही.