नर्मदाताईंचा टॅलेंट राउंड

आमच्या घरमालकीण नर्मदाताई गावंड सगळ्यांना किताब देतात. मी त्यांच्या इमारतीत राहायला आले, भाडेकरारावर सही केली, तेव्हा त्यांनी तो कागद उजेडाला धरला आणि जाहीर केलं, "मिसेस हस्ताक्षर!" तेव्हापासून पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या आमच्या गल्लीत माझी ओळख तीच. शाळेत मी इंग्रजी शिकवते हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तळमजल्यावरचे कुलकर्णी दर रविवारी गाडी धुवायचे, ते 'मिस्टर बादली'. त्यांनी पुढे गाडी विकली. किताब तसाच राहिला. "एकदा दिला का दिला," ताई म्हणतात. "मुकुट कोन परत घेतंय का?"

ही विद्या त्यांनी टीव्हीवरून मिळवली. सौंदर्यस्पर्धा कुठलीही असो, देशाची की जगाची, ताई मांडी घालून समोर बसणार आणि परीक्षकांच्या आधी निकाल देणार. "ही जानार. हसताना खालचे दात दाखवते." आणि ती जायचीच. वय पंचावन्न, उंची जेमतेम पाच फूट, अंगावर फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल. त्या वेषात त्या पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत चालत जातात, गेटपाशी थांबतात, कमरेवर हात ठेवून डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि मगच दूधवाल्याकडून पिशवी घेतात.

एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर फॉर्म ठेवला. विवाहित स्त्रियांची सौंदर्यस्पर्धा, अख्ख्या देशातून बायका येणार, अंतिम फेरी जयपूरला. पन्नाशीपुढच्यांसाठी वेगळा गट.

"भर. तुजा अक्षर चांगला हाय."

नाव, वय, उंची झाली. आवडता रंग झाला. मग रकाना आला: पतीची संमती आणि सही. मी पेन उचललं. नर्मदाताईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"लिव," त्या जराही न अडखळता म्हणाल्या, "वारले. पन नाय म्हनले नसते."

मी तसंच लिहिलं. दहा दिवसांनी दिल्लीहून आयोजक बाईंचा फोन आला. स्पर्धा विवाहितांची आहे, तुमच्या बाबतीत विचार करावा लागेल, असं त्या हिंदीतून फार हळुवारपणे सांगत होत्या. ताईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, शादी हुआ है मेरा. आदमी गया तो शादी थोडी वापस जाता है?"

बाईंनी 'कळवते' म्हणून फोन ठेवला. त्यानंतर प्रवेश मिळाला.

सहामाही परीक्षा संपल्या होत्या, त्यामुळे दुभाषी म्हणून माझी वर्णी लागली. आमच्या घराजवळच्या नव्या विमानतळावरून विमान उडालं तसं ताईंनी काचेला नाक लावून मला कोपरानं ढोसलं. "ती बग, तिथं आमची तीन खाचरं होती. आता आपन त्यांच्यावरना धावलो." मग ताठ बसलेल्या हवाईसुंदरीकडे वळून नीट पाहिलं आणि तिला 'मिस पाठीचा कणा' करून टाकलं.

जयपूरच्या हॉटेलात देशभरातल्या तीस-बत्तीस बायका जमल्या होत्या. वेळापत्रकात पहिल्याच ओळीत 'गाऊन राउंड' वाचून ताई निर्धास्त झाल्या. "ह्यात काय कठीन? गाऊन तर मी रोजच घालते." तो गाऊन वेगळा, हे समजावताना माझी दुपार गेली. शेवटी निळा, चमचमता, मागे शेपूट असलेला गाऊन भाड्यानं आणला. ताईंनी शेपूट उचलून डाव्या हातावर घेतली, उजवा हात कमरेवर ठेवला आणि दुधाची पिशवी घ्यायला निघाल्यासारख्या रॅम्पवरून चालत गेल्या. टाळ्या पडल्या. त्यांना नवल वाटलं नाही.

त्यांच्या खोलीत इंदूरची दातांची डॉक्टर होती. नाव रुची, आणि पोरगी दिवसभर खायची काय, तर काकडी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाथरूमच्या दाराला टेकून रडत होती. पाय सोलवटलेले, नवऱ्याचा फोन नाही, नृत्याच्या स्टेप्स विसरलेल्या. ताईंनी तिचे पाय बादलीत मिठाच्या पाण्यात घातले, बॅगेच्या तळातून सुकटीच्या चटणीचा डबा काढला आणि तिला भाकरीचा तुकडा भरवला. डबा उघडताच मजल्यावरच्या सगळ्या दारांतून डोकी बाहेर आली. हॉटेलचा मॅनेजर आला. त्यालाही एक घास मिळाला. मासे न खाणारी रुची डोळे पुसत विचारत होती, "आंटी, ये कौन सी सब्जी है?"

"समुद्राची भाजी," ताई म्हणाल्या. "खा."

टॅलेंट राउंडच्या तालमीत मात्र ठिणगी उडाली. एक बाई कमरेवर रिंग फिरवत दोन्ही हातांवर पेटत्या समया तोलत होती. दुसरी माणसाचं चित्र उलटं काढून शेवटी सुलटं करायची. नृत्य बसवणारा तरुण ताईंना म्हणाला, आपण कोळीगीत लावू, डोक्यावर माशांची टोपली देऊ, नव्वद सेकंदांत धमाल.

"मी कोलीन नाय," ताई म्हणाल्या. "कोली दर्यात जातात. आमी आगरी, भात नि मीठ पिकवताव. मी धवला बोलनार."

धवला म्हणजे आगरी लग्नातलं गाणं. हळदीपासून अक्षता पडेपर्यंत धवलारीण गात राहते. आधी गावातले सगळे देव लग्नाला बोलावते, मग नवरीचं नाव घेऊन तिला मांडवात उभी करते. आता लग्नात डीजे असतो, पण जुनी माणसं अजूनही नर्मदाताईंना बोलावणं धाडतात. पनवेल-उरणच्या खाडीकाठच्या कितीतरी मुली त्यांच्या आवाजावर सासरी गेल्या आहेत.

"म्युझिक ट्रॅक?" तरुणानं विचारलं.

"धवल्याला वाजप नसतो."

"पण आंटी, लोक कंटाळतील."

"मंग उटून जातील. दारं हायेत."

रंगमंचावर त्या हिरवं लुगडं नेसून आल्या. माईक दूर सारला. डोळे मिटले आणि सुरुवात केली. देव बोलावले, वेशीवरचा, बांधावरचा, खाडीच्या तोंडावरचा. सभागृहात एकालाही शब्द कळत नव्हता, तरी पहिल्या रांगेतल्या बायकांचे मोबाइल हळूहळू खाली आले. मग मांडवाच्या दाराशी नवरी आली. "मांडवाचे दारी गो, कोन उबी? आमची ज्योत्स्ना उबी."

मी विंगेत चमकले. ज्योत्स्ना ही ताईंची एकुलती मुलगी. कॅनडात नोकरी करते. तिथेच, सोबत काम करणाऱ्या मुलाशी तिनं दोन वर्षांपूर्वी नोंदणी लग्न केलं. ताईंनी ते मोबाइलवर पाहिलं. मी शेजारीच बसले होते. नवऱ्यानं अंगठी काढली आणि नेट गेलं. परत आलं तेव्हा लोक केक खात होते. ताईंनी गल्लीभर पेढे वाटले, "झ्याक झाला लगीन" म्हणाल्या, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आता त्या नावापाशी आवाज अडला. त्यांनी पुन्हा "ज्योत्स्ना" म्हटलं. पुन्हा अडला. नव्वद सेकंदांची घंटा वाजली. ताईंनी डोळे उघडले, नमस्कार केला आणि मांडवात नवरीला तशीच उभी ठेवून आत आल्या.

"घसा सुकला," त्या मला म्हणाल्या. मी पाणी दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत.

टॅलेंटचं बक्षीस रिंगवालीला गेलं. मुकुट लखनौला गेला. ताईंना सॅश मिळाली 'मिसेस कंजिनियालिटी'ची. सर्व स्पर्धकांनी मतं देऊन ठरवलेला हा एकच किताब.

"म्हंजे काय?"

"सगळ्यांशी प्रेमानं वागणारी."

विमानात बसल्यावरही त्या धुमसत होत्या. "मी? मी कुनाशी गोड बोलले? माज्यापुडं चालनाऱ्या त्या दिल्लीवालीला सांगितला, तू तापल्या रेतीवरच्या कोंबडीसारकी चालते. मना बक्षीस द्यायचा तर टॅलेंटचा द्या. कमर काय, कुनीपन फिरवतंय!" सॅश मात्र घडी मोडू नये म्हणून त्यांनी मांडीवर सपाट धरली होती.

शाळा पुन्हा सुरू झाली. एका शनिवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं. वॉल्व्हची चावी मागायला मी वर गेले. दार उघडंच होतं. ताई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आणि पडद्यावर ज्योत्स्ना. तिकडे संध्याकाळ होती. प्रेक्षकांत बसलेल्या बहिणीनं काढलेला व्हिडिओ रुचीनं कुठेतरी टाकला होता, तो फिरत फिरत ज्योत्स्नापर्यंत पोचला होता.

"आई, माझं नाव का घेतलंस?"

"दुसरा सुचला नाय."

"पुढचं म्हण ना. मध्येच सोडलंस."

"तास लागतो गो. गॅसवर डाळ हाय. आनि लगीन झाल्यावर धवला बोलत नाय कोनी."

"मी ऐकलाच नाही ना माझा."

ताईंनी गॅस बंद केला. टॉवेलनं हात पुसले. मला दारात पाहिलं; जा म्हणाल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

"डोक्यावर पदर घे," त्या मोबाइलला म्हणाल्या.

"आई, मी टी-शर्टात आहे."

"मंग टॉवेल घे. असा उगड्या डोक्यानं मांडवात कोन येत नाय."

ज्योत्स्ना उठली, कुठूनसा पांढरा टॉवेल आणून डोक्यावर घेतला. ताईंनी डोळे मिटले आणि देव बोलावले, वेशीवरचा, बांधावरचा, खाडीच्या तोंडावरचा. मग मांडवाचं दार आलं, आणि नाव आलं. या वेळी आवाज अडला नाही. पण त्या मध्येच थांबल्या.

"मान खाली घाल. नवरी वर बगत नसते."

"मान खाली घातली तर तू दिसत नाहीस."

"नवरीला आय दिसत नसतेच," ताई म्हणाल्या. "ऐकायची फक्त."

मग त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं.