रिलीव्हर आला?

जनादादांच्या ओट्यावर ठेवलेलं काहीही विचारल्याशिवाय पिऊ नये, हे मला थोडं उशिरा कळलं.

त्या दिवशी बोईसरच्या बाजारातून उन्हात भाजून जिना चढलो, तर समोरच्या फ्लॅटचं दार नेहमीसारखं उघडं. आत शिरलो. ओट्यावर वाडग्यात लालभडक कोकमाचं पाणी. आवाज देण्याएवढाही धीर नव्हता. ग्लास बुडवला, एका दमात संपवला आणि वर जाणकारासारखा अभिप्राय दिला, "फर्मास, दादा! फक्त मीठ जास्त पडलंय."

जनादादा मोरीतून तांब्याची कळशी घेऊन बाहेर आले. वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमसुलं कळशी घासायला भिजवलेली," ते म्हणाले. "निम्मी घासून पन झाली."

दुसरा कोणी हसला असता, निदान डॉक्टरचं नाव काढलं असतं. जनादादांनी कानावरची पेन्सिल काढली. "मीठ जास्त मंजे किती? चिमटीत सांग."

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर सुनंदा म्हणाली, "चला, आतून तरी लख्ख झालात."

जनादादा मूळचे सातपाटीचे. तीन भाऊ बोटीवर, हे एकटे तारापूरच्या केमिकल कारखान्यात. कारण विचारलं की अजिबात न लाजता सांगतात, "मला बोट लागते. आमच्या घरात मी पैलाच. आयस बोलायची, याला किनाऱ्यावरच वाळत घाला." लग्नाचंही तसंच. पोरगी बघायला जायचं ठरलं की नेमकी यांची पाळी बदलायची. तीन-चार वेळा असं झाल्यावर पोरींच्या बापांनी चौकशी थांबवली आणि यांना त्याचं विशेष वाईट वाटलं नाही, असं ते म्हणतात. नोकरीभर एकाच प्लांटवर ऑपरेटर म्हणून राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले.

निवृत्त झालेली माणसं योगासनं करतात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्रं लिहितात. जनादादांनी मोबाइल अ‍ॅप करायला घेतलं. घरच्या घरी करायच्या सरबतांचं. पन्हं, कोकम, आलं-लिंबू, चिकूचं दूध, ताडगोळ्याचं पाणी, नाचणीची आंबील. अ‍ॅप बांधत होती त्यांची भाची प्राची, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेली. पण 'डिझाइन' मामाचं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोबाइलच्या आकाराचे चौकोन आखून त्यात मामा चित्रं काढायचे आणि फोटो तिला पाठवायचे.

पहिलं चित्र बघून प्राचीने मलाच फोन केला. "काका, पन्ह्याच्या पानावर लाल-हिरवी चाकं कसली आहेत हो?"

मी विचारून आलो. ते व्हॉल्व्ह होते.

कृतीही प्लांटच्या भाषेत. 'कैरीचा गर पातेल्यात चार्ज करावा. पळीने एकाच दिशेने अ‍ॅजिटेशन. गूळ विरघळल्याची खात्री डोळ्याने करावी, जिभेने नंतर.' शेवटी सुरक्षासूचना: 'बर्फ दाताने फोडू नये.' 'अंदाजे' या शब्दाला मात्र त्यांच्या घरात थारा नव्हता. सुनंदा एकदा म्हणाली की आमच्याकडे साखर अंदाजानेच घालतात. दादा गंभीर झाले. "वैनी, अंदाजान बॉयलर फुटते."

बाकी सगळं प्राचीने गोड बोलून माणसांच्या भाषेत आणलं. व्हॉल्व्हसुद्धा गेले. अडलं ते एका बटणावर.

सरबत तयार झालं की ओतायच्या आधी पडद्यावर प्रश्न यायचा: 'रिलीव्हर आला?' खाली एकच बटण, 'आला'. ते दाबल्याशिवाय शेवटची पायरी उघडत नसे. शिवाय कुठल्याही सरबताचं माप दोन ग्लासांपासून सुरू. एका ग्लासाची सोयच नाही.

आमच्या औद्योगिक वसाहतीत रिलीव्हर म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन प्लांट ताब्यात घेईपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. तो आलाच नाही, तर आणखी एक पाळी तिथेच. पण सरबताचा आणि रिलीव्हरचा काय संबंध?

चाचणीसाठी अ‍ॅप सगळ्या इमारतीला वाटलं होतं. दोन दिवसांत तळमजल्यावरचा वेल्डर मिश्रा जिन्यात भेटला. "भाईसाब, शरबत तो बन गया, पर मोबाइल पीने नहीं दे रहा." सुनंदाचं पन्हंही तिथेच अडकलं. तिने बटण न दाबता पन्हं प्यायलं आणि अ‍ॅपच उडवलं. आमच्या घरात यंत्रांशी वाटाघाटी होत नाहीत.

प्राची वैतागली. "मामाला सांगा, ते बटण काढलं तरच मी अ‍ॅप लोकांसाठी वर चढवीन. नाहीतर इतक्या दिवसांची मेहनत फुकट. माझं तो ऐकत नाही."

मी घरातही कधी मध्यस्थी जिंकलेली नाही. तरी दुसऱ्या दिवशी जेवून, वामकुक्षी बुडवून गेलो. दुपारपाळी बदलायची वेळ होती. खाली कंपन्यांच्या बस हॉर्न वाजवत होत्या.

दार उघडं. जनादादा टेबलाशी ताठ बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. पुढे सरबताने भरलेली तीच कळशी, बाहेरून आरशासारखी, आतून कल्हई केलेली. दोन रिकामे ग्लास. मोबाइल भिंतीला टेकवलेला, आणि त्यावर तो प्रश्न. बर्फ कधीच वितळला होता.

"दादा, हे काय? पीत का नाही?"

"बटण दाबलं नाय."

"मग दाबा की! अ‍ॅप तुमचंच आहे."

"कोनी आलं नाय तर 'आला' कसं दाबू?" ते माझ्यावरच चिडले. "खोटी नोंद करू? सर्विसमदी केली नाय ती आता करू?"

"रोज असेच बसता?"

"पाळी बदलते तवा. मंग ओतून टाकतो. तुळशीला." जरा थांबून म्हणाले, "तुळस पन हल्ली आंबट दिसते."

मला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडेना. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

ते कळशीकडे बघत बोलू लागले. "पुढच्या पाळीचा मानूस सायकल मारत यायचा. घामान भिजलेला. त्याला आल्या आल्या प्लांट देशील तर चूक करील. मी बाटली न्यायचो. आधी एक ग्लास त्याला, एक मला. मंग लॉगबुक. कोन मिश्रासारका यूपीचा, कोन जव्हारचा, कोन आमच्या सातपाटीचा. सगल्यांना पाजलं. शेवटच्या दिवशी पन रिलीव्हर आला, पिला, बोलला, 'जा दादा आता आरामात.' मी गेटाभायेर आलो." त्यांनी ग्लास उगाच सरळ केला. "घरी आलो. हितं माजा रिलीव्हर कोन?"

खालची शेवटची बस निघून गेली.

मग तेच म्हणाले, "तू कशाला आलास ते म्हायतीय. प्राचीला सांग, काढ बोल. लोकांना तहानलेलं ठेवनं बरं नाय. चूक माजी हाय."

जे पटवायला आलो होतो ते फुकटात मिळालं होतं. उठून जायला हवं होतं. त्याऐवजी मी हात लांब केला आणि 'आला' दाबलं.

जनादादांनी पडद्याकडे पाहिलं. शेवटची पायरी उघडली होती: 'पहिला ग्लास येणाऱ्याला.' त्यांनी कळशी उचलली. दोन्ही ग्लास बरोबर एकाच रेघेपर्यंत भरले.

"कसं हाय?"

"मीठ बरोबर."

"कळशी घासायचं नाय, घाबरू नको."

तिथूनच प्राचीला फोन लावला. बटण काढू नकोस म्हटल्यावर ती माझ्यावर उखडली, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूने गेला होतात?" मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मामाला द्या." दोघांची बरीच खडाजंगी झाली आणि तोडगा निघाला. बटणं दोन. 'आला' आणि 'नाही आला'. दुसरं दाबलं तरी सरबत प्यायला मिळतं, फक्त वर एक ओळ उमटते: 'शेजारी हाक मारून बघा.' ओळ जनादादांची. 'हाक किती मोठ्याने' हेही त्यांना त्यात घालायचं होतं, ते प्राचीने हाणून पाडलं. पुढच्याच आठवड्यात तिने अ‍ॅप वर चढवलं.

फोन झाला त्याच संध्याकाळी मी सुनंदाला सगळी हकिगत सांगितली. ती भाकऱ्या थापत होती. ऐकताना एकदाही वर पाहिलं नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकून, हात धुऊन तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला आणि त्यात ते अ‍ॅप परत कसं घ्यायचं ते विचारलं.

मग म्हणाली, "उद्या दुपारपाळीला मी जाईन. तुमची परवा. आणि जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, रिलीव्हरने डबा न्यायचा असतो."