सुकदेव हळू बोलतो

सुकदेवने कडोदऱ्याहून कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा पुष्पाबाईने आठ दिवसांची मुदत दिली. पिल्लाला नव्हे, नवऱ्याला. आठ दिवसांत पिल्लू घरात घाण करायचं थांबलं तर राहील, नाहीतर जिथून आणलं तिथे परत. गोडादऱ्यातली ती एकच खोली, तिच्यातच स्वयंपाक, देव आणि अंथरुणं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि हे सुकदेवलाही कळत होतं. पण तिथल्या मागांच्या खात्यात सुताच्या पोत्यांमागे जन्मलेलं ते काळंपांढरं पोर आपणहून त्याच्या पायावर येऊन झोपलं होतं, त्याला तो तरी काय करणार? मागावरच्या धोट्यासारखं या भिंतीकडून त्या भिंतीकडे पळतं म्हणून त्याने त्याचं नावही धोट्या ठेवून टाकलं.

अडचण होती ती सुकदेवच्या आवाजाची. वीस वर्षं तो यंत्रमागाच्या खात्यात कारागीर होता. तिथे बारा तास असा खडखडाट चालतो की शेजारच्याकडे तंबाखू मागायची तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. हा आवाज खात्यात ठेवून घरी यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने चहा मागितला की चौथ्या खोलीतल्या बाईलाही चहाची आठवण व्हायची. पहाटे साडेपाचला त्याने आंघोळीचं पाणी मागितलं की खोल्यांच्या त्या लाइनीतले सगळे पहिल्या पाळीवाले उठून बसायचे. लाइनीत गजराचं घड्याळ कुणाकडेच नव्हतं, कारण गरजच नव्हती. अशा माणसाने मायेने "ये रे मन्हा राजा" म्हटलं की धोट्या जागच्या जागी थरथरायचा आणि तिथेच मुतायचा. सुकदेव फडकं आणायला ओरडायचा, की धोट्या पुन्हा.

तिसऱ्या दिवशी त्याने लाइनीतल्याच बाबुरावांना गाठलं. बाबुराव पूर्वी अमळनेरकडे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांचा सगळा जन्म म्हशींत गेला होता, पण सल्ला द्यायला त्यांना जनावराची जात आड येत नसे. पिल्लू शिकवणाऱ्याच्या अंगी धीर हवा, असं त्यांनी बजावलं. राग आला तरी तो लगेच विसरता यायला हवा. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच शब्द, त्यात आळस नको. आणि आवाज मऊ हवा.

"तुमनामा पहिला तीन गुण शेतस," बाबुराव म्हणाले. "चौथाना काही भरोसा नही."

सुकदेवने मनावर घेतलं. पण त्याच्या गळ्याला दोन आवाज ठाऊक नव्हते. कुत्र्याशी हळू आणि माणसांशी मोठ्याने हे काही जमेना, तेव्हा त्याने सरसकट सगळ्यांशीच हळू बोलायला सुरुवात केली. पाळी सुटली की तो धोट्याला उंबऱ्याबाहेर घेऊन बसायचा आणि अर्धा अर्धा तास "बाहेर, राजा, बाहेर" असं पुटपुटत राहायचा. पाचव्या दिवशी खोली कोरडी राहिली. सहाव्या दिवशीही राहिली. सुकदेवला इतका आनंद झाला की तो ओरडून सांगणार होता, पण त्याने वेळीच तोंडावर हात दाबला.

इकडे लाइनीत मात्र गडबड उडाली. चौथ्या दिवशी सकाळीच पाच जणांची पहिली पाळी चुकली. शेजारच्या शांताबाईने भिंतीला कान लावला तर काहीच ऐकू येईना. मग ती मीठ मागायच्या निमित्ताने आली. तिच्यासमोर सुकदेवने अगदी हळू आवाजात भाकरी मागितली, तशी ती मीठ न घेताच परत फिरली. दुपारी नळावर सुकदेवभाऊंचा आवाज गेल्याची बातमी होती. दुसऱ्या दिवशी त्यांना काहीतरी मोठं दुखणं लागलं होतं. आठव्या दिवशी ते नवागामला पुष्पाबाईच्या भावापर्यंत, हिलालपर्यंत पोचलं.

संध्याकाळी हिलाल तीन कारागीर घेऊन आला. सुकदेव धोट्याला मांडीवर घेऊन बसला होता. मुदत संपायला काही तास उरले होते.

"दाजी, काय व्हयनं?" हिलालने विचारलं.

"काही नही रे. कुत्राकरता हळू बोली ऱ्हायनू."

पण ऐकणारे सगळे मागावरचे, सगळ्यांचे कान खडखडाटाने गेलेले. हिलालला ऐकू आलं, 'खाताकरता'.

"खातं बंद पडनं!" त्याने मागच्यांना ओरडून सांगितलं. दारापर्यंत पोचेस्तोवर ते पक्कं झालं आणि तिथे उभ्या शांताबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. हिलालने दाजींना कडोदऱ्याला दुसऱ्या खात्यात कामाला लावायचं कबूल केलं. एकाने शेठला जाब विचारायचं ठरवलं. सगळे एकदम बोलत होते आणि सगळे खात्यातल्याच आवाजात. सुकदेवने काकुळतीने ओठांवर बोट ठेवलं. त्यावरून शेठने तोंड बंद ठेवायची धमकी दिली आहे हे सगळ्यांना कळलं, आणि आवाज आणखी वाढला.

धोट्या थरथरला. मांडीवरून उतरून तो थेट पुष्पाबाईच्या कुशीत शिरला आणि तिच्या धुतल्या लुगड्यावर मोकळा झाला.

खोली एकदम शांत झाली. सुकदेवचा चेहरा एवढासा झाला. त्याने उठून कोपऱ्यातली पिशवी घेतली. "सकाळमा याले कडोदराले सोडी येस," तो म्हणाला. या खेपेला ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पुष्पाबाईने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. "धोट्या कोठेच जावाव नही," ती म्हणाली. "ज्या वरडतस त्या जातीन."

"पण दाजीनी नोकरी?" हिलालने विचारलं.

"जागावर शे. कुत्राकरता हळू बोलतस त्या."

मंडळी चपला हातात घेऊन, आवाज न करता बाहेर पडली. पुष्पाबाई ओला पदर पिळत बसली. धोट्या तिच्या पायाशीच होता.

"तुन्हं लुगडं खराब व्हयनं, तरी?" सुकदेवने विचारलं.

"लुगडं धवाई जाई," ती म्हणाली. "अठरा वरीसमा पहिल्यांदा तुम्ही माले एकलीले काही सांगं. इतला दिन तुमनं बोलणं सगळी लाइन आयकत व्हती."

सुकदेवने धोट्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिच्याजवळ सरकून त्याने आणखी हळू आवाजात तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, ते लाइनीत अजून कुणालाही कळलेलं नाही.