आत्याचा दुसरा डोळा

कलावंताला दोन अस्तित्वं असतात: एक फोनमधलं आणि दुसरं, फोन चार्जिंगला लावल्यावर उरणारं. पहिल्याची निगा राखावी लागते. दुसऱ्याला वेळेवर जेवायला वाढलं की भागतं.

आमच्या चित्रकारानं ही बाब वेळीच ओळखली. त्याच्या पूर्ण झालेल्या चित्राला फोनवर सरासरी अकरा लाल बदाम पडत (पैकी चार घरचे, एक चुकून). पण ज्या आत्यानं त्याला लहानाचं मोठं केलं, तिच्या चित्रातला दुसरा डोळा रंगवतानाचा व्हिडिओ त्यानं टाकला आणि फोन थरथरायचा थांबेना. आता डोळा काय, एकदा रंगवला की संपला. म्हणून त्यानं शास्त्रशुद्ध पद्धत बसवली: डोळा रंगवायचा, व्हिडिओ काढायचा आणि रंग ओला आहे तोवर फडक्यानं पुसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डोळा. कधी बासरीच्या सुरावर, कधी उघड्या अंगानं (सर्दी झाली, पण चाहते वाढले). शेजाऱ्यांशी बोलणं त्यानं रीतसर बंद केलं, कारण फोनमध्ये तो मितभाषी होता.

आत्या कायमची लेकीकडे परगावी निघाली होती आणि चित्र सोबत नेणार होती. तिनं एवढंच विचारलं, "बाळा, माझा दुसरा डोळा कधी उघडतोस?" प्रदर्शनाच्या दिवशी नक्की, असा त्यानं शब्द दिला. मनापासून दिला, आत्यावर त्याचा फार जीव होता.

प्रदर्शनाला ही गर्दी लोटली! चित्र एकच होतं आणि जो तो नियमानुसार त्याच्याकडे पाठ करून उभा होता (एरवी फोटोत आपला चेहरा येत नाही). चित्राकडे तोंड करून उभी होती ती एकटी आत्या, हातात बॅग धरून, कारण गाडीची वेळ होत आली होती.

चित्रकारानं ब्रश उचलला. फोन न लावताच त्यानं तो डोळा रंगवला, आणि काय डोळा उतरला म्हणता! आत्या स्वतःकडे बघून खुदकन हसली.

"अगदी मीच रे," ती म्हणाली.

तेवढ्यात मागून कुणीतरी अत्यंत नम्रपणे म्हणालं, "सर, परत एकदा कराल का? माझं रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

चित्रकारानं आत्याकडे पाहिलं. मग वर झालेल्या फोनांकडे पाहिलं. हात सवयीनं फडक्याकडे गेला.

पुढे लोकाग्रहास्तव तो डोळा बराच वेळ रंगवला आणि पुसला जात होता. आत्याची गाडी मात्र वेळेवर होती. ती चित्राविनाच गेली.

प्रदर्शनातला तो व्हिडिओ तुफान चालला. त्यात एक म्हातारी बॅग घेऊन दाराबाहेर जाताना दिसते. ती मध्ये आल्यानं मजा गेली, अशी तक्रार अनेकांनी खाली नोंदवली आहे. वाचकहो, आपण हळवे आहात, आपल्याला आत्याचं वाईट वाटलं. आम्हालाही वाटलं. म्हणूनच त्या व्हिडिओखाली आपलाही बदाम दिसला, तेव्हा आम्ही कुणाला काही बोललो नाही.