अण्णांची मिशी आणि बिनचौकटीची फ्रेम

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. फ्रिजचं कव्हर अजून तसंच आहे, रिमोट पिशवीत बसून चॅनेल बदलतो, आणि स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक मला उन्हाळाभर चटके देऊन शेवटी आपणहून फाटलं. (मी काढलं नाही, हे लक्षात घ्या.) प्लास्टिक निघालं की वस्तू जुनी झाली, हे आमच्या वडिलांचं तत्त्व. ते मी निष्ठेने पाळलं आणि त्यापायी माझ्या सासऱ्यांची मिशी गेली.

सांगतो. सविस्तर सांगतो, कारण घरात आता माझं ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.

सासरे बिभीषणअण्णा पाथर्डीकडचे. गेल्या वर्षी वारले. माणूस मोठा रुबाबदार. आधी मिशी दारात यायची, मग अण्णा. पण फोटोचं त्यांना भारी वावडं. कुणी मोबाईल काढला की "कशाला? मी काय मरायला टेकलोय व्हय?" म्हणून तोंड फिरवायचे. मागे राहिला तो आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात कोण आहे हे सरकारलाही सांगता येणार नाही. म्हणून माझ्या बायकोने, पंकजाने, आठवणीतूनच अण्णांचं चित्र काढायला घेतलं. ती चित्रकलेच्या क्लासला जाते. कोळशाच्या कांडीने काम चाललं होतं. डोळे लवकर जमले, मिशी काही जमेना. काढायची, पुसायची, रडायची, परत काढायची. एके दिवशी ती जमली. त्या क्षणी पंकजाने चित्राकडे बघून ओढणी सावरली आणि मग स्वतःच हसली.

वर्षश्राद्धाला हे चित्र गावी मांडायचं होतं. न्यायला सासूबाई स्वतः आमच्याकडे भिंगारला येणार होत्या.

"फ्रेम मी आणतो," मी म्हणालो. (इथेच कुणीतरी मला धरायला हवं होतं.)

"साधी आणा. लाकडी चौकट आणि काच," पंकजा म्हणाली. "कोळशाला काचच बरी, असं क्लासच्या बाई म्हणत होत्या. आणि घाई करू नका. अजून स्प्रे मारायचाय, नाहीतर कोळसा सुटतो."

पण आमच्या ऑफिसात, साहेबांच्या केबिनमध्ये, एक बिनचौकटीची फ्रेम आहे. ॲक्रिलिकच्या दोन पारदर्शक पाट्या, मध्ये चित्र, कोपऱ्यांना चकचकीत स्क्रू, बास. चित्र कसं भिंतीवर तरंगतं! तिच्यासमोर उभं राहून मी इतक्या वेळा बोलणी खाल्लीत की ती मला घरचीच वाटायला लागली होती. नगरच्या बाजारातून तश्शीच उचलली. दुकानदार म्हणाला, "बसवताना पाट्यांचं कव्हर सोलून काढा." मी हो म्हणालो. सोलून काढा म्हणे! मग ओरखडे पडले तर?

पंकजा क्लासला गेली होती. मी चित्र बसवलं, स्क्रू पिळले, भिंतीवर टांगलं. सरप्राईज! (स्प्रेचं डोक्यातूनच गेलं.)

ती आली आणि बघत राहिली. "अहो, अण्णा धुक्यातले का दिसतायत?"

"मॅट फिनिश," मी म्हणालो. हा शब्द मी फरशीच्या दुकानात ऐकला होता.

ती जवळ गेली, लांब गेली. मग हळूच म्हणाली, "माझाच हात हलका पडला वाटतं."

"थोडासा पडलाय खरा," मी मोठ्या मनाने म्हणालो. "पण पहिल्या प्रयत्नाच्या मानाने छान आहे हं."

मिशी गेली त्याचं वाईट वाटतंच. पण ह्या वाक्याचं जास्त वाटतं. त्या दिवशी ती धड जेवलीसुद्धा नाही, आणि मी तिचा पापड खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. हातातली पिशवी खाली न ठेवता चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"पंके, ह्येन्ला काय झालं गं? लई धुरळ्यात उभं हायेत."

"माझं चुकलं गं आई. नाही जमलं."

सासूबाईंनी कोपऱ्यात नख घातलं. प्लास्टिकचं टोक उचलून आलं. "आन् ह्ये काय? जावईबापू, वरचं कागुद काढलंच न्हाई व्हय तुमी?"

पंकजाने माझ्याकडे पाहिलं. "मॅट फिनिश," ती म्हणाली.

माणसाने इथे तरी थांबावं. पण मला चूक दुरुस्त करायची घाई झाली होती. वरचं कव्हर ओढून काढलं, स्क्रू सोडले. "अहो थांबा, मी काढते," पंकजा म्हणत होती. "तू बस," मी म्हणालो. समोरच्या पाटीचं आतलं कव्हर धरलं आणि एका दमात चर्रर्र करून ओढलं. हातावरचे केस उभे राहिले. अजून लख्ख दिसावं म्हणून पाटी टेरिकॉटच्या बाहीने खसाखसा घासली, चित्रावर ठेवली आणि स्क्रू पिळले.

लहानपणी कंगवा डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. मलाही तो आठवला. स्क्रू पिळून झाल्यावर.

"मामी, आता बघा!" मी सासूबाईंना म्हणालो.

"मिशी हलली का हो?" पंकजा म्हणाली.

"छे, काहीतरीच," म्हणत मी पाटी उचलली. मिशीही उठली. डोळे, नाक, हनुवटी थोडे फिके होऊन कागदावरच राहिले. मिशी मात्र सगळीच्या सगळी पाटीला चिकटून माझ्या हातात आली. मी पाटी परत ठेवून पाहिली, तर ती कपाळावर बसली.

"ठेवा ती खाली," पंकजा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या. मी शिव्या खायच्या तयारीत उभा. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "लग्नात असंच हुते," त्या म्हणाल्या. "मिसरूड बी फुटलं नव्हतं. म्या इसरूनच गेल्ते."

मग त्या मिशी परत काढूच देईनात. "ऱ्हाऊ दे. मला ह्येच पायजे." पंकजाने स्वतः जाऊन लाकडी चौकट आणि काच आणली. वर्षश्राद्धाला हार घातलेल्या चित्रासमोर हात जोडून निम्मी भावकी विचारत होती, "ह्यो पोरगा कुनाचा?"

ती ॲक्रिलिकची पाटी पंकजाने ठेवून घेतली. पुसू दिली नाही. आता ती हॉलमध्ये भिंतीवर आहे आणि तिच्यात नुसती मिशी आहे. पाहुणे म्हणतात, मॉडर्न आर्ट का? पंकजाने त्यानंतर कोळशाला हात लावलेला नाही. डबा माळ्यावर गेला. तुझा हात हलका नव्हता, हे मी तिला अनेकदा सांगून झालं. ती "हं" म्हणते.

परवाच्या रविवारी मी पाटीसमोर उभा होतो, तर माझं प्रतिबिंब बरोब्बर मिशीच्या मागे आलं. मी मान ताठ केली. छाती काढली. क्षणभर, खरं सांगतो, रुबाब आला.

मागून हसू ऐकू आलं. पंकजा! त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"काय मग, शोभते की नाही?" मी विचारलं.

ती जवळ आली, लांब गेली, चित्राकडे बघायची तशी मान तिरकी करून पाहिलं.

"सरका बरं बाजूला," ती म्हणाली. "तुम्ही मागे आलात की मिशी धुक्यातली दिसते."