आमाला घाई न्हाई

लाइन दिसली की शकूमावशी आधी तिच्यात उभ्या राहायच्या आणि मग ती कशाची आहे ते विचारायच्या. एकट्या नाही. शेजारी अण्णांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, उभं करायच्या. "आधी नंबर लावावा, चवकशी काय मागनं करता येती," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आमचं भिंगार म्हणजे लष्कराचं गाव. एकदा छावणीच्या मैदानाबाहेर सकाळी ही लांबच लांब लाइन. मावशी बाजारची पिशवी घेऊन अण्णांसह उभ्या राहिल्या. पुढेमागे सगळी मिसरूड फुटलेली पोरं, पायांत कॅनव्हासचे बूट. मावशींना वाटलं, आजकाल पोरं घरात मदत करायला लागली, चांगलं आहे. लाइन सैन्यभरतीची होती. हवालदार येऊन म्हणाला, "माताजी, आप किसके साथ हो?" मावशी म्हणाल्या, "ह्यांच्यासंगं." हवालदारानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा लष्कराच्याच डेपोत स्टोअरला नोकरी करून नुकतेच रिटायर झाले होते. हवालदार दिसताच त्यांनी सवयीनं छाती पुढे काढली. पोरं हसली, हवालदारही हसला, आणि त्यानं दोघांना सन्मानानं फाटकापर्यंत पोचवलं. परत येताना मावशींची तक्रार एकच होती. लाइन चांगली होती, सावलीतली.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत. मी नगरला एका पतसंस्थेत नोकरीला, आणि स्वतःबद्दल सांगायचं तर अत्यंत शिस्तप्रिय माणूस. निदान मी तसं सगळ्यांना सांगतो. माझी बायको सुषमा म्हणते की ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत त्यानं गावाला शिस्त लावायच्या भानगडीत पडू नये. पण ती घरातली गोष्ट झाली.

मावशींच्या लाइनवेडाचा मला फायदाच होता. रॉकेल आलं की रेशन दुकानापुढे डब्यांची रांग लागायची. ज्याच्याकडे डबा नाही तो दगड ठेवायचा, कुणी एका पायातली चप्पल. आमच्याकडे दगडालाही नंबर असतो आणि त्यावरून भांडणं होतात. मी आमचा डबा मावशींच्या हवाली करायचो आणि निवांत कामावर जायचो. संध्याकाळी डबा परत यायचा. रिकामा.

कारण मावशींची दुसरी खोड. नंबर लावायला त्या सगळ्यांच्या आधी, पण नंबर जवळ आला की मागच्याला म्हणायच्या, "पुढं व्हा तुमी. आमाला घाई न्हाई." तो पुढे झाला की त्याच्या मागच्याला. अण्णा दोन्ही घरांचे डबे उचलून मागे मागे सरकवत राहायचे. पार शेवटी पोचले की दुकानदार पिंप आडवं करून दाखवायचा. मी चिडायचो. "मावशी, मग लाइनीत उभं कशाला राहता?" "आरं, लाइन हाय म्हनून," त्या म्हणायच्या. मी ठरवून टाकलं की बाई भोळी आहे आणि अण्णा तिच्या हाताखाली पिचले आहेत.

तसं ठरवायला आणखी एक कारण होतं. ती मधली भिंत. तिच्या पलीकडून कुकरची शिट्टी यायची, रेडिओवरच्या बातम्या यायच्या, पण माणसाचा आवाज म्हणून कधी यायचा नाही. सासू जाऊन वर्षं झाली होती, दीर केव्हाच वेगळे झाले होते, मुलगा संजय पुण्याला कंपनीत. घरात दोघंच, आणि तोंडातून शब्द नाही. मी सुषमाला म्हणायचो, "भांडण असणार जुनं. बघ, आपलं तसं नाही." सुषमा काही बोलायची नाही. मला ते तिचं अनुमोदन वाटायचं.

मावशींची सगळ्यात आवडती लाइन मात्र वर्षातून एकदाच लागायची. नवरात्रात आमच्या मैदानावर पाळणे येत. त्यातल्या मोठ्या आकाशपाळण्याची लाइन भेळेच्या गाड्यांना वळसा घालून पार चिंचेपर्यंत जायची. मावशी आणि अण्णा रोज संध्याकाळी त्या लाइनीत. पाळण्यात बसलेलं मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. नंबर आला की तेच, "पुढं व्हा तुमी," आणि दोघं पुन्हा चिंचेखाली.

शतक संपायला आलं होतं, सगळ्या जगातले कॉम्प्युटर एका रात्रीत बंद पडणार म्हणून पेपरवाले घाबरवत होते, आणि त्याच वर्षी लोकांनी मला उत्सव समितीचा चिटणीस केलं. नेमका तेव्हाच माझा मेहुणा अमेरिकेहून आला. तिकडच्या कुठल्याशा मोठ्या बागेत, तो म्हणाला, पाळण्यासाठी रांगेत उभंच राहावं लागत नाही. मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर वेळ छापलेली असते, तोवर हिंडायचं, खायचं, आणि त्या वेळेला येऊन थेट बसायचं. मला रात्रभर झोप लागली नाही. अमेरिकेला जे आत्ता सुचलं ते भिंगारला याच नवरात्रात आणायचं, आणि आणणारा मी.

मी कुपनं छापून घेतली. वर देवीचं चित्र, खाली वेळ, त्याखाली "शिस्त हीच भक्ती" हे माझं स्वतःचं वाक्य. पहिल्या संध्याकाळी काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो. आधी कुपनं घ्यायला लाइन लागली, ती पाळण्याच्या लाइनीपेक्षा मोठी. मग ज्यांची वेळ आठची ते साताला येऊन उभे राहिले, कारण आठच्या लोकांत आपला नंबर पहिला पाहिजे. काही शहाण्यांनी रॉकेलच्या सवयीनं कुपनावर दगड ठेवून त्यांचीच लाइन लावली आणि ते भेळ खायला गेले. वारा सुटला. दगड राहिले, कुपनं मौत का कुवाच्या तंबूत गेली. मी लाउडस्पीकरवरून "शिस्त पाळा" म्हणून ओरडत होतो आणि पाळण्याचा मालक, बरं झालं ह्याला धंद्यात भागीदार घेतलं नाही, अशा नजरेनं माझ्याकडे पाहत होता.

पण भिंगारच्या लोकांना काही म्हणा, शिकतात लवकर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. लोक कुपन खिशात घालून हिंडायचे, वेळेला यायचे, बसायचे, जायचे. चिंचेखाली कुणी उभं नाही. मी मांडवात खुर्ची टाकून ते मोकळं मैदान बघत बसायचो आणि मनातल्या मनात सत्कार स्वीकारायचो.

शुक्रवारी संध्याकाळी मावशी मांडवात आल्या. हातात कुपन. एकट्याच होत्या, अण्णा लांब पाळण्याजवळ उभे.

"दिलीप, ही तुझी चिठ्ठी घे माघारी."

"का हो मावशी? वेळ गैरसोयीची आहे का? बदलून देतो."

"येळेचं न्हाई रं. काल आमी दोघं आलो, पाळनेवाल्यानं चिठ्ठी बघितली, धरून आत बसवलं. वर गेलो, खाली आलो, झालं. माझं बोलनं ऱ्हायलं."

"कुणाशी?"

"ह्यांच्याशी."

मला हसू आलं. "मावशी, बोलायचं तर घरी बोला की."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चारचौघांत नाचायला सांगितलं होतं. मग खुर्ची ओढून बसल्या. मावशींना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"माझं लगीन झालं तवा दीड खोली हुती," त्या म्हणाल्या. "सासू, दोन दीर, आमी. सासूच्या देखत नवऱ्याशी बोलायचं न्हाई, आन सासू देखत न्हाई असं हुयाचंच न्हाई. वरीस झालं तरी मला ह्यांचा आवाज म्हाईत नव्हता. मग साखरंची टंचाई आली. डबल साखर मिळंल म्हनून सासूनं दोघांला लाइनीत धाडलं. तितं हे पयल्यांदा बोलले. म्हनले, मला भेंडी आवडत न्हाई. आरं, वरीसभर मी दिसाआड भेंडी करत हुते."

मी हसलो नाही. हसायचं होतं, पण आलं नाही.

"मग आमाला नादच लागला. लाइन दिसली की उभं ऱ्हायचं. नंबर आला की बोलनं तुटतं, म्हनून मागच्याला म्हनायचं, पुढं व्हा. संजयचं नाव रॉकेलच्या लाइनीत ठरलं. सासू गेल्या तवा हे रडले ते बी लाइनीतच, दूध केंद्राच्या. आता घर मोकळं हाय. पन घरात त्वांड उघडलं की लाज वाटती. दोघांलाबी. सवयच न्हाई ना." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "आन आता गॅस फोनवर येतो. बँकेत बिल्ला देऊन बाकावर बसवत्यात, बसल्यावर आमच्या तोंडातनं शब्द निघत न्हाई. रॉकेल कवा येईल त्याचा नेम न्हाई. ही एक लाइन हुती."

"काही महत्त्वाचं बोलायचं होतं का?" मी विचारलं. माझा आवाज जरा खालीच आला होता.

"रविवारी संजय टेम्पो घेऊन येतोय. आमाला कायमचं पुन्याला न्यायला. मला हितनं हलायचं न्हाई. पन ह्यांच्या मनात काय हाय ते मला ठावं न्हाई. ह्यांना जायाचं आसंल तर मी जाईन, आडवी येनार न्हाई. पन इचारायला तर पायजे ना. दोन-तीन दिस झालं, मी चिंचंखाली येऊन बघून जाते, लाइनच न्हाई."

शिस्तप्रिय माणसाची अशी पंचाईत मी आधी कधी पाहिली नव्हती. मी उठलो आणि पाळण्याच्या मालकाला म्हणालो, "आजच्यापुरती कुपनं बंद. लाइन लावायची." तो म्हणाला, "लाइन लावायला माणसं कुठंयत साहेब? समदी भेळंवर." खरंच होतं. सगळ्या गर्दीला मीच पांगवून ठेवलं होतं.

मग मी बांगड्यांच्या दुकानासमोरून सुषमाला हाताला धरून आणलं आणि पाळण्याच्या फाटकापुढे उभं केलं. "काय झालं?" ती म्हणाली. "काही नाही. उभी राहा." मी मावशी-अण्णांना आमच्या मागे बोलावलं. चारच माणसं, चौघंही न बोलता उभी. मालक पाळणा थांबवून आमच्याकडे बघतोय. एवढा मूर्ख मी लाउडस्पीकरवर ओरडतानाही दिसलो नव्हतो.

पण लाइन म्हटल्यावर आमच्या गावाचा भरवसा धरावा. एक जोडपं थांबलं. "कशाची हाय?" म्हणत उभं राहिलं. त्यांचं पाहून भेळवाल्याकडची चार माणसं आली. कुणीतरी बातमी उठवली की आज पाळणा फुकट आहे. बघता बघता लाइन चिंचेपर्यंत गेली, आणि माझ्या मागे कुजबुज सुरू झाली.

मी ऐकत नव्हतो. म्हणजे, ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण इतकी वर्षं भिंतीला कान लावून जो आवाज ऐकू आला नाही तो पाठीशी आल्यावर माणूस काय करणार? अण्णांचा आवाज चांगला भारदस्त होता.

"संजय म्हनतो, तितं लई सोय हाय," अण्णा सांगत होते. "दुधाची पिशवी दारात. बिलं भरायला मानूस येतो. कशाला म्हनून खाली उतरायला लागत न्हाई."

"मग?" मावशींचा आवाज बारीक झाला होता. "बरं हाय की. जायाचं का?"

अण्णा खाकरले. मग म्हणाले, "आगं, मग मी तुझ्याशी बोलू कुठं?"

मावशी हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही, मी मागे वळलो नाही. पुढे मालक फाटक उघडून उभा होता. आमचा नंबर आला होता. मी सुषमाला म्हणालो, "चल."

"मी नाही बसत," ती म्हणाली. "मला भीती वाटते. लग्नाआधीपासून."

"पण दरवर्षी बसतेस की माझ्याबरोबर."

"तुम्ही तिकीट काढूनच आणता. विचारता कुठं?"

आमच्या घरी सासू नाही, दीर नाहीत, सबंध तीन खोल्या आहेत, आणि बोलायला मी एकटाच असतो. मी बाजूला सरकलो. शकूमावशी-अण्णांना काही दिसतच नव्हतं, त्यांच्या माना एकमेकांकडे. मी त्यांच्या मागच्या जोडप्याला म्हणालो, "पुढं व्हा तुम्ही. आम्हाला घाई नाही." मग सुषमाला विचारलं, "आणखी काय काय आहे?" तिनं सांगायला सुरुवात केली. बरंच होतं.

रविवारी टेम्पो आला आणि बाजरीची दोन पोती घेऊन पुण्याला परत गेला. संजय जरा रागावला होता. मावशींनी त्याला सांगितलं म्हणे, "तितं लाइन न्हाई, आमी काय करायचं?" त्यानं काय अर्थ घेतला कुणास ठाऊक. समितीनंही पुढच्या वर्षी मला चिटणीस केलं नाही, त्याचा अर्थ मात्र मला कळला.

दिवाळीआधी एका सकाळी मावशी दारात आल्या. रॉकेल आलं होतं. मी नेहमीप्रमाणे आमचा डबा त्यांच्या हातात द्यायला गेलो, तर त्यांनी हात मागे घेतला.

"डबा तुझा तू आन," त्या म्हणाल्या, "आन सुषमालाबी आन."

"एका डब्याला दोघं कशाला, मावशी?"

मावशींनी माझ्या खांद्यावरून आत सुषमाकडे पाहिलं. आतून सुषमा म्हणाली, "आलेच हं, चप्पल घालते." मी डबा उचलला, कामावर उशिरा येतो म्हणून निरोप धाडला आणि आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो, मावशी-अण्णांच्याही मागे.