हापशीच्या अध्यक्षाची निवडणूक

लोकांनी अध्यक्ष थेट निवडला, तर त्यांना हवा तोच माणूस निवडून येण्याचा धोका असतो. मोठ्या पदांना हा धोका परवडत नाही. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात राष्ट्रपतींच्या निवडणुकीच्या बातम्या रेडिओवर ऐकून पंजाबराव गुरुजींना हे मनापासून पटलं. मेडशीकडच्या त्यांच्या गावाला नुकतीच हापशी मंजूर झाली होती आणि ती कुठे बसवायची हे हापशी समितीचा अध्यक्ष ठरवणार होता.

गुरुजींनी पद्धत आखली. तीन आळ्यांनी एकेक प्रतिनिधी निवडायचा आणि प्रतिनिधींनी अध्यक्ष. प्रत्येक मताला आळीच्या लोकसंख्येइतकं मूल्य. (माणसं मोजायला दिवस लागतात, सातबारा तयार असतो, म्हणून माणसांऐवजी एकर धरले.)

बौद्ध आळीने भागिरथाला निवडलं. नाल्यावरून पाणी वाहून तिचा खांदा उतरला होता. अर्जही पाच वर्षं तीच देत होती. तिच्या आळीत माणसं त्र्याहत्तर, एकर दोन. मधल्या आळीचे एकर एकेचाळीस. तिसरी आळी जमीनदार जानरावची, प्रतिनिधीही तोच. तिथं माणसं नऊ आणि एकर दोनशे दहा.

भागिरथाला दोन मतं पडली, तिचं आणि मधल्या आळीचं; जानरावला त्याचं स्वतःचं एक. जानराव एकशे सदुसष्टांनी विजयी झाला. हापशी त्याच्या अंगणात बसली.

"गुर्जी, माह्यं मत कुठी गेलं?" भागिरथाने विचारलं.

"जाते कुठी? जानरावभाऊच्या मतात सामावलं. आता ते साऱ्यायचे अध्यक्ष हायेत. तुमचेबी."

तिला राग आला. पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य तिला आवडू लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्र्याहत्तर माणसं घागरी घेऊन जानरावच्या अंगणात उभी राहिली. त्या आळीतलं कोणी आजवर तिथली पायरी चढलं नव्हतं. भागिरथा सर्वांत पुढे होती.

"काहून आले सारे?" जानराव दात घासत बाहेर आला.

"आमचं मत तुमच्या घरी राह्यते म्हंते गुर्जी. त्याले भेटाले आलो, भाऊ. घागरी सोबत होत्याच."

हाकलायचं तर अध्यक्षपद सोडावं लागलं असतं, आणि दारावरची पाटी तर रंगवून झाली होती. चौथ्या दिवशी मधली आळीही आली. पहाटेपासून दांड्याची करकर, अंगणात गुडघाभर चिखल. घसरलेल्या म्हशी दोन, घसरलेले अध्यक्ष एक.

नवव्या दिवशी जानराव स्वतः अर्ज घेऊन मालेगावला कचेरीत गेला. नंतर रोज जात राहिला. महिन्याभरात बौद्ध आळीत दुसरी हापशी बसली. भागिरथाने पहिली घागर भरली, ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली.

गुरुजींनी अहवालात लिहिलं, 'पद्धत यशस्वी.' ते खरंच होतं.

जानरावला हसायला हरकत नाही. फक्त आधी एवढं सांगा, तुमचं मत सध्या कोणाच्या घरी राहतं, आणि घागर घेऊन तुम्ही तिथं शेवटचे कधी गेला होता?